कोंबड्याच्या वर्षाचा फोटो

आमच्या आईकडे सोनं आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. किती आहे आणि कुठे आहे, हे कुणालाच नाही.

लहानपणी मी आणि माझी धाकटी बहीण दिएप, आई होडी घेऊन पाण्यावर बांधलेल्या फुलांच्या मचाणांकडे गेली की घर धुंडाळायला लागायचो. तांदळाचा डबा, खारवलेल्या माशांची रिकामी बरणी, बाबांचे पावसाळी बूट. उंबऱ्यासमोर जमिनीवरच थान तायचा लाल देव्हारा आहे. थान ताय धनाचा देव, म्हणून आम्हांला त्याचाच संशय जास्त. त्याच्या पाठीमागे हात घालून बघायचो, शेजारी बसलेल्या ढेरपोट्या भूमीदेवाला उचलून त्याच्या बुडाखाली बघायचो. एकदा वाळलेली पाल मिळाली. दिएप तेव्हा पाच वर्षांची होती. म्हणाली, "ताई, ही राखणदार होती."

आमच्या चांद्र नव्या वर्षाचा दहावा दिवस थान तायचा. त्या दिवशी सगळं सा देक गाव गुंजभर का होईना, सोनं घेतं. आई उजाडायच्या आत जांभळं झंपर घालून निघायची आणि आम्ही उठेपर्यंत परतलेली असायची. अंगणात उसाच्या कांडीवर अख्खा मरळ भाजत असायचा.

"काय आणलंस?" मी विचारायची.

"मासा."

"आणि?"

"आणि ऊस. ऊस नको? मासा काय तुझ्या बोटावर भाजू?"

इतकंच. त्यापुढे आईच्या तोंडून काही निघालं नाही. बाबा होते तेही हसून म्हणायचे, "मला विचारू नका, मी या घरात भाडेकरू आहे."

बाबा जाऊन आठ वर्षं झाली. त्यांच्या शेवटच्या हंगामात नदीला खारं पाणी चढलं, आणि त्यातून जी शेवंती वाचली तिची मुळं कुजली. हजार-बाराशे कुंड्या. बाबा एकेक रोप उपटून मुळं बघत होते. "हिला झालंय काय, एवढं कुणी सांगेल का," असं ते दिवसभर पुटपुटत होते. दिएप तेव्हा दहा वर्षांची, होडीच्या टोकाला बसून ऐकत होती. तिला झाडांचे रोग शिकायचेत हे तिनं बहुधा तिथेच ठरवलं असावं. पुढे तिला ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात जागा मिळाली, अर्धी फी माफ झाली, आणि मग व्हिसाची गोष्ट निघाली.

व्हिसाचं काम बघणारा तोआन म्हणून एक तरुण आहे, बाजाराच्या वर त्याचं ऑफिस. स्वभावानं चांगला, फक्त बोलताना सतत पेन टिचकवतो. त्यानं सांगितलं, "मावशी, वर्षभराची उरलेली फी आणि राहण्याजेवणाचा खर्च तुमच्याकडे आहे हे दाखवावं लागेल. बँकेत." आणि कॅलक्युलेटर आईकडे फिरवला.

आई आकड्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी तोमला मांडीवर घेऊन बसले होते. तोम माझी मुलगी, तेव्हा आठ महिन्यांची. झोपली की कोळंबीसारखी गोल होते, म्हणून तोम, कोळंबी. तिचे बाबा लांब बिन्ह यूओंगला कारखान्यात असतात आणि आम्ही दोघी आईकडे. मला वाटलं आता आई उठेल आणि म्हणेल, चला घरी.

"एवढे होतील," आई म्हणाली.

तोआनचं पेन थांबलं. दिएपनं माझ्याकडे बघितलं. आठ आणि पाच वर्षांच्या आम्ही दोघी पुन्हा त्या पालीसमोर उभ्या होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं दार लावून घेतलं आणि बाबांची उशी कात्रीनं उसवली. ती उशी आठ वर्षं आईच्या शेजारी तशीच होती. कुणाला डोकं टेकू द्यायची नाही, धुवू द्यायची नाही. शेजारच्या बायका डोळे पुसत म्हणायच्या, केवढा जीव होता. जीव होताच. पण कापसाच्या आत सोळा लाल पुड्याही होत्या.

प्रत्येक पुडीवर त्या त्या वर्षाचा प्राणी होता आणि आत त्याच प्राण्याचा छाप असलेल्या सोन्याच्या चकत्या, नखाएवढ्या. वाघ, मांजर, ड्रॅगन, साप, घोडा, असं बारा वर्षांचं चक्र, मग पुन्हा वाघ. दिएप त्या चटईवर ओळीनं मांडत गेली. बकऱ्याच्या पुडीत दहा. माकडाच्या पुडीत तीन, खाऱ्या पाण्याचा हंगाम तो. रेड्याच्या पुडीत एकच. त्या साली साथीमुळे व्यापाऱ्यांच्या होड्या आल्याच नव्हत्या, आम्ही फुललेली शेवंती पाण्यात लोटली होती. मला वाटायचं त्या साली तरी आई गेली नसेल. गेली होती.

"अगं, ही तर आपल्या फुलांची डायरी आहे," दिएप म्हणाली.

"डायरी कसली. सोनं आहे," आई म्हणाली. "तोमच्या तोंडातून मांजर काढ आधी."

तोमनं मांजराची एक चकती चोखायला घेतली होती. मी ती काढली, पुसली. मग आईनं सगळं फडक्यात बांधलं, पंचांग बघून चांगला दिवस काढला, पुलाजवळच्या लामकाकांच्या दुकानात एकाच सकाळी सगळं विकलं आणि त्याच दुपारी सगळे पैसे एकरकमी बँकेत ठेवले. शुभ दिवशी केलेलं काम तुकड्या-तुकड्यानं करायचं नसतं, नाहीतर शुभही तुकड्या-तुकड्यानं येतं, असं आमच्याकडे मानतात. बँकेचं नवं कोरं पुस्तक तिनं देव्हाऱ्यापुढे ठेवलं, भूमीदेवाला काळी कॉफी ठेवली. दिएपचा अर्ज गेला.

दोन महिन्यांनी व्हिसा ऑफिसचं पत्र आलं. तोआननं आम्हांला बोलावून ते वाचून दाखवलं, पेन न टिचकवता. ही सगळी रक्कम एकाच दिवशी जमा झाली आहे. त्याआधी खात्यात काहीच नव्हतं. सोनं विकल्याची पावती मिळाली. मात्र फुलं पिकवणाऱ्या एकट्या बाईकडे इतकं सोनं कुठून आलं, ते अठ्ठावीस दिवसांत कागदपत्रांसह सांगावं. नाही तर अर्ज आहे त्या स्थितीत निकाली काढला जाईल.

"निकाली म्हणजे?" आईनं विचारलं.

"म्हणजे नाही," दिएप हळूच म्हणाली. तिची जागा त्याच हंगामापुरती होती. फीमाफीही.

तोआन खुर्ची पुढे ओढून बसला. "मावशी, मी तेव्हाच सांगणार होतो. लोक काय करतात, सहा महिने जुनं बँकेचं पुस्तक भाड्यानं घेतात. रीतसर नाव तुमचं, पैसे त्यांचे."

"भाड्यानं लग्नाचा झगा मिळतो, तेवढं ऐकलं होतं," आई म्हणाली.

"आता ती वेळ गेलीच म्हणा. पण एक करता येईल. तुमच्या दिरानं जमीन विकून तुम्हांला दिले, असं पत्र. मी तयार करतो कागद."

"माझ्या दिरानं? त्यानं मला कधी केळं दिलं नाही. आणि त्याला आयतं श्रेय?"

मला हसू आलं, पण दिएपचा चेहरा बघून ते आत गेलं. ती म्हणाली, "आई, मग पावत्या दे. दरवर्षी सोनं घेतलंस तेव्हा लामकाकांनी पावती दिलीच असेल ना?"

"दिली की."

"कुठेयत?"

आईनं तोमच्या टोपीची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. "जाळल्या."

"जाळल्या?"

"दरवर्षी. थान तायपुढे कागदी नैवेद्य जाळतो ना आपण, त्याच्याबरोबर. त्याच्या कृपेनं घेतलं, तर त्याला हिशेब कळायला नको? पुरावा ज्याला द्यायचा त्याला दिला."

सोळा वर्षांच्या पावत्या होत्या, अगदी व्यवस्थित पोचत्या केलेल्या, आणि त्या मागायला जायचं ते ऑफिस काही बाजाराच्या वर नव्हतं. तोआननं पेन खिशात ठेवलं. "माझ्या आईनंही हेच केलं असतं," तो म्हणाला. त्या दिवसापासून तो मला आवडायला लागला.

घरी आल्यावर दिएप पाणी द्यायला म्हणून होडी घेऊन गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. माझ्या डोक्यात मात्र एक वेगळाच किडा वळवळत होता. लामकाकांचं दुकान सहाला उघडतं. थान तायच्या दिवशी रांग लागते खरी, पण आई तर साडेचारला घरातून निघायची आणि साडेसहाला मासा भाजायलाही लागलेली असायची. रांगेत उभी राहिली असती तर नऊ वाजले असते. मग ती रांगेत उभी राहायची की नाही?

"आई, तू त्या दिवशी इतक्या लवकर का जायचीस?"

"झोप लागायची नाही."

"दरवर्षी?"

"तोमला भूक लागलीय बघ."

तोमला भूक लागली नव्हती. ती स्वतःचा पाय खात होती. दुसऱ्या दिवशी मी तिला छातीशी बांधलं, स्कूटर काढली आणि पुलाकडे गेले.

लामकाका सत्तरीला आलेत. भिंग डोळ्याला लावून कसलीशी साखळी बघत होते. मी विचारलं, जुन्या पावत्यांच्या नकला आहेत का? त्यांनी मान हलवली. "पाच वर्षांपलीकडचं काही ठेवत नाही. आणि जे आहे ते पुरात भिजलं. का गं थोआ?"

मी सगळं सांगितलं. पत्र, अठ्ठावीस दिवस, जाळलेल्या पावत्या. ते भिंग काढून ऐकत होते. ऐकता ऐकता हसायला लागले, इतके की तोम दचकली.

"तुला आईनं खरंच काही सांगितलं नाही?"

"काय?"

"अगं, तुझी आई माझी भवानी आहे."

त्यांनी मला आत नेलं. दुकानामागच्या खोलीत त्यांचा स्वतःचा देव्हारा, आणि वरच्या भिंतीवर फ्रेम केलेले फोटो, दोन ओळींत. प्रत्येक फोटोत तेच काचेचं कपाट, त्याच्यामागे रोज पान फाडायचं तेच जाड कॅलेंडर, त्यावर ठळक तारीख. आणि एकामागून एक फोटोत आई. जांभळं झंपर. उजवा हात पुढे, तळहातावर त्या सालच्या चकत्या मोजता येतील अशा मांडलेल्या.

"वर्षाचं पहिलं गिऱ्हाईक कोण, यावर दुकान चालतं," लामकाका म्हणाले. "वाघाच्या साली ती चुकून सगळ्यांत आधी आली. शेवंतीचा चिखल नखांत तसाच. म्हटलं, ये. त्या वर्षी मी दुसरा मजला बांधला. मग दरवर्षी मी निरोप धाडायचो आणि मागचं दार उघडायचो, सहाच्या आत. हात चांगला आहे तिचा. कुणाला सांगू नको म्हटलं होतं, सांगितलं की हाताचा गुण जातो. एवढं पाळेल असं वाटलं नव्हतं. पोटच्या पोरींनाही नाही?"

मी फोटो बघत पुढे सरकत होते. पहिल्या मांजराच्या सालात आईच्या मागे अर्धवट झोपेतली दिएप दिसत होती, पाच वर्षांची. म्हणजे ती बरोबर गेली होती आणि सगळं विसरली होती. बकऱ्याच्या सालात आई हसत होती, दहा चकत्या, हात भरलेला. माकडाच्या सालात तीन. रेड्याच्या सालात तोंडाला मास्क आणि तळहाताच्या मधोमध एकच चकती, पण हात तितकाच ताठ. केस कधी पांढरे झाले ते मला घरात कळलं नव्हतं. इथे भिंतीवर बोट ठेवून सांगता आलं असतं, दुसऱ्या ड्रॅगनच्या आणि दुसऱ्या सापाच्या मधे.

मग मी थांबले. कोंबड्याच्या सालच्या फोटोत आई नव्हती. कुणी एक धिप्पाड बाई होती, पाचूच्या बांगड्या घातलेली.

"ही कोण?"

"तांदळाच्या गिरणीची मालकीण. ते वर्ष विचारू नकोस, दोनदा चोरी झाली." लामकाकांनी आवाज उतरवला. "तुझे बाबा त्याच्या आधीच गेले ना. सुतक वर्षभराचं. सुतकातल्या माणसानं कुणाची भवानी करायची नसते. मी निरोप धाडला नाही, आणि धाडला असता तरी ती आली नसती. आली ती संध्याकाळी, दुकान बंद होताना, सगळ्यांत शेवटी. बाहेर उभी होती, मी आत बोलावेपर्यंत पायरी चढली नाही. पाच घेतल्या. फोटो कोण काढणार तेव्हा?"

तोमनं हात पुढे करून एका फ्रेमच्या काचेवर पंजा उमटवला. मी तो पुसायला गेले तर काका म्हणाले, राहू दे.

फोटो द्यायला मात्र ते कां-कूं करत होते. फ्रेम भिंतीवरून उतरवणं म्हणजे नशीब उतरवणं. शेवटी तिथेच खुर्चीवर चढून मी मोबाइलवर एकेक टिपला आणि दरवर्षीची खरेदी खरी असल्याचं पत्र त्यांनी सही करून दिलं, दुकानाच्या शिक्क्यासह. एक अट घातली. "पुढच्या थान तायला मेनला, तुझ्या आईला, धाड. हातात पैसे नसले तरी. तिचं सगळं सोनं गेलं म्हणून माझी भवानी चुकायला नको."

घरी आईला फोटो दाखवले. ती चिडेल असं वाटलं होतं. तिनं मोबाइल लांब धरून एकेक नीट बघितला. बकऱ्याच्या सालावर थांबून म्हणाली, "बारीक होते गं मी."

दिएप आणि तोआननं पत्र लिहायला घेतलं. वर्षाच्या शेजारी प्राणी, फोटो, चकत्या किती, आणि त्या हंगामात फुलं कशी झाली. तोआनचं म्हणणं, कोंबड्याचं साल गाळू या, पंधरा पुरेत, मधेच भोक दिसलं की शंका येते.

"पाच चकत्या त्या सालच्या आहेत," आई म्हणाली. "त्या काय आभाळातून पडल्या? लिही. नवरा वारला होता, म्हणून शेवटी उभी राहिले. फोटो नाही, हेही लिही."

"मावशी, त्यांना सुतक-बितक काय कळणार?"

"त्यांच्याकडे माणसं मरत नाहीत का?"

तसंच लिहिलं. अठ्ठावीसमधले एकोणीस दिवस झाले होते.

मग पाच आठवडे काही नाही. दिएप दिवसातून चाळीस वेळा मोबाइल बघायची. एका सकाळी आईलाच फोन आला. आम्ही तिघी होडीत होतो, तोम माझ्या पाठीवर, दोन्ही बाजूंना मचाणांवर कळ्या धरलेली शेवंती. पलीकडे व्हिसा ऑफिसची बाई होती आणि तिचं बोलणं आमच्या भाषेत सांगणारा एक पुरुष. दिएपनं आवाज मोठा केला आणि वल्हं धरून ठेवलं.

नाव, जन्मतारीख, किती कुंड्या, काय भावानं विकल्या जातात. आई उत्तरं देत गेली. मग तो पुरुष म्हणाला,

"त्या विचारतायत, कोंबड्याच्या वर्षाचं खरेदीचं काही छायाचित्र नाही. दुकान तर तेच होतं. मग नक्की काय झालं, ते तुमच्या तोंडून सांगा."

आईनं शेवंतीचं एक पिकलं पान तोडलं. "रांगेत शेवटी होते. आमच्यात सुतक असलं की दुसऱ्याच्या चांगल्या दिवशी पुढे जायचं नाही. त्याला त्रास नको." मग म्हणाली, "मासाही नाही भाजला त्या वर्षी. पण सोनं घेतलं. धाकटीचं शिक्षण व्हायचं होतं ना."

हे मला माहीत नव्हतं. सोनं कशासाठी, हे आईनं कधीच सांगितलं नव्हतं. दिएपला तरी कुठे माहीत होतं. ती पाण्याकडे बघत होती आणि होडी आपोआप एका मचाणाला जाऊन टेकली.

पलीकडे तो माणूस बाईंना सांगत होता. बराच वेळ लागला. मग म्हणाला, "त्या विचारतायत, म्हणजे हा प्रश्न अर्जाचा नाही... पुढचं वर्ष कोणत्या प्राण्याचं?"

"घोड्याचं," आई म्हणाली. "त्यांचं जन्मसाल कोणतं?"

तो माणूस हसला, पण विचारलं नाही. आभार मानून फोन ठेवला.

"असं विचारतात का कुणी?" दिएप म्हणाली.

"त्यांनी नाही विचारलं? मग मी का नको?"

नऊ दिवसांनी व्हिसा आला. तोआन स्वतः घरी सांगायला आला, केळ्यांचा घड घेऊन. तो घड आईनं थेट भूमीदेवापुढे ठेवला आणि तोमनं रांगत जाऊन त्यातलं एक केळं पळवलं. दिएप नव्या वर्षाच्या सहाव्या दिवशी गेली. सामानात तिनं मातीची एक पुडी भरली होती, बाबांच्या मचाणाखालची. ती न्यायला बंदी आहे असं कळल्यावर विमानतळाच्या दारात रिकामी करून मला परत दिली.

चार दिवसांनी थान ताय. आई उठली नाही. साडेचारला मी जाऊन तिचा पाय हलवला.

"जायचं नाही? लामकाकांना शब्द दिलाय."

"काय घेऊन जाऊ? एक चकतीसुद्धा येणार नाही."

मी तोमच्या बाबांनी पाठवलेल्या पैशांतले थोडे तिच्या हातावर ठेवले. ती नको नको म्हणाली आणि जांभळं झंपर शोधायला उठली. तोम जागी झाली होती, म्हणून तिघी गेलो. काकांनी मागचं दार उघडलं. आईनं सगळ्यांत लहान, घोड्याची एक चकती घेतली, कॅलेंडरखाली उभी राहिली, उजवा हात पुढे केला. काकांनी फोटो काढायच्या क्षणी तोमनं तिच्या कडेवरून वाकून ती चकती मुठीत धरली. फोटोत चकती दिसतच नाही, नुसत्या दोन मुठी, एकीत एक. काकांनी तोच फोटो ठेवला.

येताना मासा घेतला, ऊस घेतला. दुपारी दिएपचा फोन आला.

"आई, काय आणलंस?"

"मासा."

"आणि?"

"ऊस."

"पावती कुठेय?"

"पावती आहे. थोआनं काढून घेतली माझ्याकडून."

चकतीचं मात्र तिनं दिएपला काही सांगितलं नाही, आणि ती कुठे ठेवली हे मलाही नाही. बाबांची उशी आता मऊ आहे, मी बघितलं. त्यानंतर आठवड्याभरात आईनं तोमसाठी एक नवी उशी शिवली, छोटीशी, शेवंतीच्या रंगाची. तोम झोपली की मी तिचं डोकं हलकेच उचलते आणि कोपरे चाचपून बघते. अजून तरी नुसता कापूस लागतो.